बस, बर्फ आणि एक खोटी साक्ष

अ‍ॅटम एगोयान या कॅनेडियन दिग्दर्शकाचा 'द स्वीट हिअरआफ्टर' हा चित्रपट १९९७ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा मान, त्याला मिळाला. त्या वर्षीचा पहिला मान किआरोस्तामीचा 'टेस्ट ऑफ चेरी' आणि इमामुराचा 'द ईल' यांच्यात वाटला गेला होता. पुढे दिग्दर्शन आणि आधारित पटकथा अशी ऑस्करची दोन नामांकनंही आली. आपल्याकडे फिल्म सोसायटीत वावरणाऱ्यांनी तो कधी ना कधी पाहिलेला असतो, आणि त्याविषयी बोलताना 'दुःखावरचा चित्रपट' असं म्हणून विषय पुढे नेतात. त्यात चूक काही नाही. पण मी गेली बरीच वर्षं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वकिली करतो आहे, आणि मला तो एका साक्षीवरचा चित्रपट वाटतो. ती साक्ष खोटी आहे. ती खोटी असूनही योग्य आहे असं बहुतेक समीक्षक मानतात. मला त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं, डोंगरातलं, हिवाळ्यात बर्फाखाली जाणारं सॅम डेंट नावाचं एक काल्पनिक गाव. एका सकाळी शाळेची बस घसरते, कठडा तोडून गोठलेल्या तळ्यावर जाते, बर्फ फुटतो, आणि गावातली बहुतेक मुलं बुडतात. बस चालवणारी डोलोरेस वाचते. निकोल नावाची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी वाचते, पण कमरेखाली लुळी होते. मग शहरातून मिचेल स्टीव्हन्स नावाचा वकील येतो आणि घरोघर फिरून आईबापांना दाव्यासाठी उभं करू लागतो. जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा, हरलो तर एक पैसा नको, असा त्याचा करार. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी अशी निकालावर अवलंबून असलेली फी घ्यायला मनाई आहे. अमेरिकेत ती रोजची रीत आहे. दाव्याची सगळी भिस्त निकोलच्या साक्षीवर येऊन ठेपते, आणि निकोल शपथेवर सांगते की डोलोरेस ताशी बहात्तर मैलांनी बस हाकत होती. ते खरं नसतं. दावा तिथेच संपतो.

या गोष्टीच्या मागे एक खरा अपघात आहे. टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत ऑल्टन नावाचं गाव आहे. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सकाळी तिथे शीतपेयाच्या बाटल्या वाहणाऱ्या एका ट्रकने शाळेच्या बसला धडक दिली. बस रस्त्याकडेच्या पाण्याने भरलेल्या खाणीत पडली आणि २१ विद्यार्थी दगावले. पाणी आत शिरत असताना बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या, हे त्यांच्या मरणाचं मोठं कारण ठरलं. मागोमाग वकिलांची गर्दी झाली, दावे झाले, ट्रकच्या मालक कंपनीला आणि बस बनवणाऱ्यांनाही भरपाई द्यावी लागली. नुकसानभरपाई मिळालेली घरं आणि न मिळालेली घरं यांच्यात गाव आतून दुभंगलं. अमेरिकी कादंबरीकार रसेल बँक्स यांनी हे बीज उचललं आणि १९९१ साली 'द स्वीट हिअरआफ्टर' ही कादंबरी लिहिली. घटना त्यांनी टेक्सासच्या उन्हातून न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या बर्फात नेली; एगोयान यांनी ती तिथून आपल्या कॅनडात आणली. (बँक्स स्वतः चित्रपटात डॉक्टरच्या छोट्या भूमिकेत दिसतात.)

बँक्स यांनी केलेला खरा फेरफार मात्र हवामानाचा नाही. त्यांनी ट्रक काढून टाकला. ऑल्टनमध्ये दोषी कोण हे बोट दाखवून सांगता येत होतं. सॅम डेंटमध्ये तसं कुणीच नाही. कादंबरीच्या सुरुवातीला डोलोरेस सांगते की समोर कुत्रं आल्यासारखं वाटलं, कदाचित तो भासही असेल. रस्ता निसरडा होता, वेग पन्नासच्या आसपास होता, बस नीट राखलेली होती. म्हणजे राग न्यायचा कुठे? कायद्याला प्रतिवादी लागतो. प्रतिवादीशिवाय दावा दाखलच होत नाही, आणि दुःखाला प्रतिवादी मिळाला की ते उभं राहतं, चालू लागतं, तारखांना येऊ लागतं. हे मी माझ्या कचेरीत अनेकदा पाहिलं आहे. मुलगा गेल्यावर महिनाभर अंथरुणातून न उठलेला बाप कागदपत्रांची पिशवी घेऊन वेळेच्या आधी हजर राहतो.

मिचेल नेमकं हेच विकतो. अपघात म्हणून काही नसतंच, असं तो ऑटो नावाच्या जोडप्याला सांगतो. कुणीतरी कुठेतरी हिशोब केलेला असतो: काही सेंटांचा बोल्ट वाचवायचा की दाव्याची जोखीम घ्यायची. तो पैशाची लालूच दाखवत नाही, रागाला दिशा द्यायला आलोय असं सांगतो. इअन होम यांनी ही भूमिका अशी केली आहे की हा माणूस गिधाड आहे असं म्हणायला जीभ धजत नाही. त्याची स्वतःची मुलगी झोई अमली पदार्थांच्या आहारी गेलेली आहे. कुठल्या कुठल्या शहरातून, सार्वजनिक फोनवरून, पैशासाठी बापाला फोन करते. आणि एका फोनवर आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं सांगते. विमानात शेजारी बसलेल्या तरुणीला, जी झोईची बालमैत्रीण निघते, तो एक जुनी आठवण सांगतो. झोई अगदी लहान असताना तिला विषारी कोळी चावला, गळा सुजू लागला, दवाखाना लांब होता. डॉक्टरने फोनवर बजावलं होतं की श्वास कोंडला तर गळ्याला छेद द्यावा लागेल. गाडी बायको चालवत होती; बाप मुलीला मांडीवर घेऊन गाणं म्हणत होता आणि दुसऱ्या हातात धारदार सुरी तयार धरून होता. सुरी वापरायची वेळ आली नाही. एगोयान त्या प्रसंगात बाळाचा चेहरा आणि सुरीचं पातं एका चौकटीत ठेवतात आणि बराच वेळ हलत नाहीत. मिचेलचा सगळा धंदा त्या चौकटीत आहे: वाचवण्यासाठी उगारलेली सुरी, आणि ती वापरायला न मिळाल्याची खंत. मुलगी वाचली, आणि तरी हातची गेली. मग दुसऱ्यांच्या मुलांसाठी तो सुरी घेऊन हिंडतो.

समीक्षक मिचेलविषयी लिहिताना कायदा म्हणजे कोरडं, माणुसकीशून्य यंत्र असं गृहीत धरतात. त्यांना आमच्याकडचं गणित दाखवायला हवं, म्हणजे त्यांची खात्रीच पटेल. मुलाच्या मरणाची किंमत ठरवायची तर त्याचं उत्पन्न किती हा पहिला प्रश्न, आणि मुलाला उत्पन्न नसतं. म्हणून कायद्याने ते मानायचं. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात बिनकमाईच्या माणसाचं मानीव उत्पन्न वर्षाला पंधरा हजार रुपये धरलेलं होतं. २०१३ साली किशन गोपाल विरुद्ध लाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांच्या मुलासाठी ते तीस हजार धरलं, त्याला पंधराने गुणलं, वर पन्नास हजार घातले, आणि पाच लाख रुपये मंजूर केले. त्याआधी २००१ साली लता वाधवा खटला झाला होता. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याच्या समारंभात आग लागून साठ माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ. मुलांचे वयाप्रमाणे गट पाडले गेले. पाच ते दहा वर्षांच्या मुलासाठी दोन लाख, दहा ते पंधरा वर्षांच्या मुलासाठी चार लाख दहा हजार. मोठ्या मुलांची रक्कम वाढवताना न्यायालयाने एक कारण असं दिलं की त्या कारखान्यात कामगाराच्या एका अपत्याला नोकरी देण्याची प्रथा होती. म्हणजे मूल जगतं तर बापाच्याच कारखान्यात लागतं, हे धरून त्याच्या मरणाचा आकडा निघाला.

वाचताना हे क्रूर वाटतं, मलाही वाटतं. पण गणिताला दुसरी बाजूही आहे, आणि चित्रपटात ती कुठेच येत नाही. मुलाच्या दाव्यात शाळेचा दाखला आणि प्रगतिपुस्तक लावावं लागतं. आया झेरॉक्स देतात, मूळ प्रत हातातून सोडत नाहीत. मी मागतही नाही. उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील विचारतात, मुलगा अभ्यासात कसा होता, आणि आई उत्तर देते. त्या पाचदहा मिनिटांत भर न्यायालयात त्या मुलाविषयी कुणीतरी औपचारिकपणे काहीतरी विचारतं आणि ते लिहून घेतलं जातं. काहींच्या बाबतीत तेवढीच एक नोंद राहते. ऑल्टनच्या बाबतीत तर याहून मोठं काही झालं. त्या अपघातानंतर शाळेच्या बसला संकटकाळी बाहेर पडायला किती दारं-खिडक्या असाव्यात याचे अमेरिकेतले नियम बदलले. मिचेलचं बोल्टचं भाषण सॅम डेंटमध्ये थाप ठरतं. ऑल्टनमध्ये ते बरंचसं खरं होतं. ट्रक काढून टाकल्यामुळे कादंबरी खोल झाली यात शंका नाही, पण कायद्याच्या हातून तिने हीही गोष्ट काढून घेतली.

आता अपघाताच्या दृश्याकडे येऊ. चित्रपटाचा काळ सरळ नाही, तो मागेपुढे जात राहतो, आणि अपघात जवळजवळ मध्यावर येतो. कोण वाचलं, कोण गेलं, हे तोवर आपल्याला कळलेलं असतं. बिली हा विधुर बाप रोजच्यासारखा आपल्या गाडीतून बसच्या मागोमाग येतो आहे. मागच्या काचेतून त्याची दोन मुलं त्याला हात करताहेत. बस वळणावर दिसेनाशी होते. पुढचं आपण फार दुरून पाहतो. पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यावर एक लहानसा पिवळा ठिपका थांबलेला आहे. क्षणभर वाटतं, थांबला, वाचला. मग बर्फ कडाडतो आणि ठिपका खाली जातो. किंकाळ्या नाहीत, पाण्याखालची दृश्यं नाहीत, कॅमेरा जवळ जात नाही. पॉल सारोसी यांचं छायाचित्रण रुंद पडद्यासाठी केलेलं आहे. छोट्या पडद्यावर हे दृश्य पाहणाऱ्याला तो ठिपका किती लहान आहे हे कळणार नाही, म्हणून शक्य असेल त्यांनी तो मोठ्या पडद्यावरच पाहावा. मी अनेक अपघातांचे घटनास्थळ पंचनामे वाचले आहेत. त्यांत अंतरं असतात, टायरच्या खुणा असतात, बसचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते असतं. हे दृश्य एखाद्या पंचनाम्याइतकं कोरडं आहे, आणि त्या कोरडेपणापुढे बिलीचा चेहरा आहे.

एगोयान यांनी कादंबरीत नसलेली एक गोष्ट चित्रपटात विणली, ती म्हणजे पुंगीवाला. आपण लहानपणी ऐकलेला हाच तो हॅमलिनचा पुंगीवाला, जो आधी उंदीर नेतो आणि गावाने पैसे बुडवले म्हणून मग मुलं नेतो. जर्मनीतल्या हॅमलिन गावाच्या परंपरेत १२८४ साल आणि १३० मुलं असा तपशील सांगितला जातो. रॉबर्ट ब्राउनिंगने १८४२ साली त्यावर कविता लिहिली. निकोल बिलीच्या मुलांना सांभाळायला जाते तेव्हा त्यांना हीच कविता वाचून दाखवते. त्या कवितेत एक लंगडा मुलगा मागे राहतो, डोंगराचं दार बंद होण्याआधी तो पोहोचू शकत नाही. निकोल चाकाच्या खुर्चीत बसल्यावर हा मुलगा कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. मायकेल डॅना यांनी संगीतात इराणी ने आणि मध्ययुगीन युरोपातली जुनी वाद्यं वापरली, त्यामुळे बर्फातल्या या गावावर सातशे वर्षांपूर्वीची फुंकर येत राहते.

पुंगीवाला कोण, यावर मात्र लेखच्या लेख आहेत. वकील, असं सोपं उत्तर. पण निकोलचा बाप सॅम हाही पुंगीवाला आहे. तो तिच्या गाण्याचं कौतुक करतो, तिला मोठी गायिका बनवायची स्वप्नं दाखवतो, आणि तिचा लैंगिक उपभोग घेतो. एगोयान ते दृश्य कोठारातल्या गवतात, मेणबत्त्यांच्या उजेडात, प्रेमप्रसंगासारखं दाखवतात. पुष्कळांना ते खटकलं. मला ते धाडसाचं वाटतं, कारण त्या वयाच्या मुलीला तो प्रसंग जसा रंगवून सांगितला गेला असेल तसा तो आपल्याला दिसतो, आणि अपघातानंतर खुर्चीत बसलेली तीच मुलगी बापाकडे बघते तेव्हा तो रंग उतरलेला असतो. सारा पॉली तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती. (पुढे तीही दिग्दर्शिका झाली. २०२२ सालचा तिचा 'विमेन टॉकिंग' हाही एका लहान, बंदिस्त वस्तीचाच चित्रपट आहे: अत्याचारानंतर तिथल्या बायका कोठाराच्या माळ्यावर बसून पुढे काय करायचं ते ठरवतात. कोठार पुन्हा आलं हा योगायोग असेल, पण मला तो विसरता येत नाही.)

आता साक्ष. बिली निकोलच्या आईबापांना विनवायला येतो: दावा मागे घ्या, गाव मोडतंय, हवं तर मला मिळालेले पैसे तुम्ही घ्या. निकोल हे आडून ऐकते. मग ती साक्षीला बसते आणि बहात्तर मैल सांगते. बापाचा चेहरा पडतो. त्याला कळतं की हे आपल्यासाठी आहे. एका वाक्यात ती बापाचे पैसे बुडवते, वकिलाला परत पाठवते आणि गावाला कज्ज्यातून सोडवते. बापाच्या ओठांविषयीच्या चार ओळी त्या वेळी ऐकू येतात. ब्राउनिंगच्या धाटणीच्या त्या ओळी एगोयान यांनी स्वतः रचल्या आहेत. निकोलचं खोटं ही तिची मुक्ती, आणि गावाचीही, असा अर्थ इथून निघतो आणि तो सर्वमान्य झाला आहे.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मराठी प्रेक्षक या जागी अडखळतो. कार्यक्रमानंतरच्या चर्चेत हा प्रश्न मला हटकून विचारला गेला आहे. आपल्याकडे कलम १६६ खालच्या दाव्यात चालक बेदरकारपणे गाडी हाकत होता हेच सिद्ध करावं लागतं. चालक सामनेवाला क्रमांक एक, मालक दोन, विमा कंपनी तीन. चालकाचा दोष ठरला की मालक जबाबदार, आणि पैसे विमा कंपनीचे. म्हणजे निकोलची साक्ष आपल्या न्यायाधिकरणात आली असती तर दावा बुडण्याऐवजी जिंकला असता! मिचेलची मांडणी वेगळी होती. त्याला खोल खिशांचे प्रतिवादी हवे होते: रस्ता आणि कठडा राखणारं शासन, बस बनवणारी कंपनी. त्यासाठी डोलोरेस निर्दोष असणं गरजेचं होतं, म्हणून तो तिच्या बाजूचा होता. हे लक्षात घेतलं तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. संपूर्ण चित्रपटात डोलोरेसच्या निर्दोषपणात ज्याचा स्वार्थ होता असा माणूस एकच, तो वकील. गावाचा तसा काही स्वार्थ नव्हता.

आणि गावच तिचं सर्वस्व होतं. तिचा नवरा अ‍ॅबट पक्षाघाताने अडखळत बोलतो, ते फक्त तिला कळतं, ती इतरांना उलगडून सांगते. मिचेल तिला दाव्यात ओढू पाहतो तेव्हा अ‍ॅबट म्हणतो, असं ती सांगते, की माणसाचा खरा न्याय त्याला जन्मभर ओळखणारं गावच करू शकतं. अ‍ॅबट नेमकं हेच बोलला की डोलोरेसला हे ऐकायचं होतं, ते आपल्याला कळत नाही. गॅब्रिएल रोझ ते वाक्य इतक्या विश्वासाने बोलते की पुढचं आठवून पोटात कालवतं. कारण गावाने न्याय केला तो असा: एका मुलीचं खोटं ऐकलं, आणि सोयीचं होतं म्हणून ठेवून घेतलं. बिलीला खरं माहीत होतं. तो बसच्या मागेच होता, आणि वेगाचा त्याच्याहून चांगला साक्षीदार दुसरा नव्हता. तो गप्प राहिला.

म्हणून 'गाव दोषारोपाच्या चक्रातून सुटलं' हे वाक्य मला पटत नाही. गावाला दोषी हवाच होता. बाहेरचा, श्रीमंत, लढणारा दोषी नको होता. आपल्यातला, गरीब, उलट बोलणार नाही असा हवा होता. माझ्या दाव्यांमध्ये सामनेवाला क्रमांक एक बहुधा हजरच राहत नाही. त्याच्याविरुद्ध एकतर्फी आदेश होतो, भरपाई विमा कंपनी देते, दोन्ही वकील आणि न्यायाधीश पुढच्या दाव्याकडे वळतात. निकालपत्रात तो बेदरकार होता अशी नोंद कायमची राहते. काही वेळा तो तसा असतो. काही वेळा सगळ्यांना तसं मानणं परवडतं. निकोलने केलं ते तिच्या जागी मला समजतं. तिच्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. पण त्या हत्याराची धार कुणाला लागली हे समीक्षेत क्वचितच लिहिलं जातं, याचं मला आश्चर्य वाटतं.

बँक्स यांना ते पुरतं ठाऊक होतं. कादंबरी चार जण सांगतात: डोलोरेस, बिली, मिचेल, निकोल, आणि शेवटी पुन्हा डोलोरेस. शेवटचा प्रसंग जत्रेतला आहे. तिथे जुन्या मोटारी एकमेकींवर आदळवायची शर्यत असते आणि त्यांत डोलोरेसची एकेकाळची मोटारही असते. तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येक धडकेला गावकरी टाळ्या पिटतात. मोटार मोडत नाही हे दिसल्यावर हळूहळू तिच्याच बाजूने ओरडू लागतात. आपल्यावर काय लादलं गेलं आहे हे डोलोरेसला त्या गर्दीत बसलेली असताना बिलीकडून कळतं, आणि तिला राग येण्याऐवजी एक विचित्र हलकेपणा येतो. बळी दिलेल्या जनावराला देव्हाऱ्याबाहेर सोडून द्यावं तशी ती गावाबाहेर होते. हे सगळं तीच आपल्याला सांगते.

एगोयान यांनी शर्यत वगळली. दोन वर्षांनंतर मिचेल विमानतळावर उतरतो, तेव्हा बाहेर एका गाडीपाशी डोलोरेस उभी असते. ती तिथे चालक आहे. दोघांची नजरानजर होते आणि निकोलचा आवाज ऐकू येतो: आम्ही सगळे आता एका वेगळ्याच गावाचे रहिवासी आहोत, मेलेले आणि राहिलेलेही. तिच्या या बोलण्यात डोलोरेसचंही नाव आहे. कादंबरीत पहिला शब्द डोलोरेसचा होता आणि शेवटचाही तिचाच. इथे ती काही बोलत नाही. उतारू गाडीत चढत असतात.